कॉन्फरन्सचं विमान आणि गॅसचे सिलिंडर

आमच्या घरात भाजी आणायच्या ज्या पिशव्या आहेत ना, त्या सगळ्या कॉन्फरन्सच्या आहेत. ज्यूटच्या, खादीच्या, एक तर काथ्याची आहे, आणि प्रत्येकीवर पृथ्वी नाहीतर पान नाहीतर पाण्याचा थेंब छापलेला. मुलुंडच्या मार्केटातला आमचा नेहमीचा भाजीवाला एकदा म्हणालासुद्धा, "ताई, पिशव्यांचा धंदा करता काय?" धंदा नाही बाबा, मी सांडपाण्याच्या क्षेत्रात काम करते, आणि आमच्या क्षेत्रात वर्षाला दोन-तीन तरी कॉन्फरन्स होतातच आणि तिथे पर्यावरणाची भयंकर काळजी घेतली जाते. प्लास्टिकच्या बाटल्या बंद, स्टेजवर तांब्याचे तांबे, बॅज रिसायकल कागदाचा, जेवणात मक्याच्या कपात ताक. आणि हे सगळं कौतुकाने बघत हॉलमध्ये बसलेली निम्मीअधिक माणसं आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी पहाटे विमानाने उतरलेली. म्हणजे शेपूट आम्ही घट्ट धरून ठेवलंय आणि हत्ती कधीचाच निघून गेलाय.

हा हत्ती केवढा आहे ते आज जरा नीट मोजूया. टन, किलोटन असं काही म्हटलं की माझ्याच डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून मी सरळ घरातलं माप घेतलंय, स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर. १४.२ किलोचा, लाल. तो पूर्ण जळून संपला की साधारण ४२-४३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

इथे लगेच कुणीतरी अडवतं. १४ किलो गॅस जाळून ४२ किलो काहीतरी कसं निघेल, वजन आलं कुठून? प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर असं की वजन हवेतून आलं. इंधन म्हणजे मुख्यतः कार्बन आणि थोडा हायड्रोजन. जळताना कार्बनचा एक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो, आणि ते दोघं मिळून त्या कार्बनपेक्षा अडीचपटीहून जास्त जड असतात. विमानाच्या इंधनाचंही हेच, ते म्हणजे मुळात चांगलं शुद्ध केलेलं रॉकेलच, एक किलो जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड. हा आकडा कुठल्याही एअरलाइनच्या हातात नाही, इंजिन नवं असो की जुनं, ती केमिस्ट्री आहे. इंजिन चांगलं असेल तर इंधन कमी लागेल एवढंच.

आता मुंबई-दिल्ली घेऊ. आपल्याकडे सगळीकडे दिसतं ते दोन इंजिनांचं, १८० सीटच्या आसपासचं विमान या फेरीला साधारण चार टनांच्या वर इंधन पितं. त्याला ३.१६ ने गुणा, बसलेल्या माणसांनी भागा, माणशी ८०-९० किलो येतं. म्हणजे दोन सिलिंडर. जाऊन येऊन चार. दोन दिवसांच्या सेमिनारसाठी, ज्यात तुमचं स्वतःचं बोलणं पंधरा मिनिटांचं असतं आणि त्यातली पाच मिनिटं पेनड्राइव्ह उघडत नाही म्हणून जातात. आमच्याकडे सिलिंडर साधारण दीड महिना पुरतो, म्हणजे तो एक सेमिनार आमच्या घरचा सहा महिन्यांचा स्वयंपाक झाला.

लंडनला इकॉनॉमीने जाऊन आलात तर साधारण एक टन, चोवीस सिलिंडर धरा. सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन आलात तर दोन टनांच्या आसपास, सत्तेचाळीस सिलिंडर, आमच्या घरचा जवळजवळ सहा वर्षांचा गॅस. दुसऱ्या बाजूने बघायचं तर भारतात माणशी वर्षाचं सरासरी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन आहे दोन टनांच्या आसपास, त्यात वीज, कारखाने, सिमेंट, गाड्या सगळं आलं. तेवढं सगळं एका चार दिवसांच्या कॉन्फरन्सने करून टाकलं. मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं, वाटलं शून्य चुकलं असेल. नाही चुकलं.

आणि बिझनेस क्लासने गेलात तर? तिथे माणूस आडवा झोपतो, जागा जास्त व्यापतो, त्याच्या एका सीटच्या जागेत इकॉनॉमीची तीन माणसं मावली असती, म्हणून हिशोबात त्याच्या नावावर साधारण तिप्पट टाकतात. म्हणजे मुख्य भाषणासाठी बिझनेसने आणलेला 'की-नोट स्पीकर' ही कॉन्फरन्समधली सगळ्यात जास्त कार्बन खाणारी वस्तू असते, एसीपेक्षाही.

आता जरा अवघड भाग. हे सगळं फक्त कार्बन डायऑक्साइडचं झालं, पण विमान वर जाऊन अजून एक गोष्ट करतं. निळ्या आकाशात विमानामागे पांढरी रेघ दिसते ती धूर नाही, बर्फ आहे. माथेरानला जानेवारीत सकाळी तोंडातून वाफ निघते ना, तेच, फक्त ३५,००० फुटांवर जिथे उणे ५० वगैरे तापमान असतं. इंधनातला हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते, ती इंजिनातून बाहेर पडल्या पडल्या काजळीच्या कणांभोवती गोठते. तिथली हवा कोरडी असेल तर ती रेघ मिनिटभरात विरून जाते, काही बिघडत नाही. पण हवेत आधीच खूप दमटपणा असेल तर रेघ विरत नाही, पसरते, तासन्‌तास राहते आणि पातळ ढगासारखी होते.

ढग म्हणजे गार वाटेल असं आपल्याला वाटतं, दिवसा थोडं खरंही आहे, ऊन परत फेकलं जातं. पण हिवाळ्यात नाशिकला किंवा पुण्याला राहिलेल्या कुणालाही विचारा, आभाळ भरून आलं की त्या रात्री थंडी कमी असते. जमिनीतून वर जाणारी उष्णता ढग अडवतो, गोधडीसारखी. विमानांच्या रेघांचे ढग रात्री फक्त गोधडीचंच काम करतात, कारण परत फेकायला ऊनच नसतं. आणि मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणारी कितीतरी विमानं सुटतात मध्यरात्रीनंतर, सहार रोडच्या रात्री एकच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

सगळा हिशोब एकत्र केला तर असं दिसतं की माणसाने सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी विमानांचा वाटा साधारण अडीच टक्के, पण या रेघा आणि नायट्रोजनचे वायू वगैरे धरून तापमानवाढीतला वाटा साधारण साडेतीन टक्के. फरक एवढाच की रेघ काही तासांत संपते, आणि कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं रेंगाळतो. रेघांच्या बाबतीत एक बरी बातमीही आहे, त्या सगळ्याच विमानांमागे तयार होत नाहीत, बहुतेक सगळं नुकसान थोड्याच फ्लाइट्स करतात, म्हणून विमान थोडं खालून किंवा वरून नेलं तर टाळता येतात. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० फ्लाइट्सवर हे करून बघितलं, रेघा ५४ टक्क्यांनी कमी झाल्या. थोडं इंधन जास्त लागलं, पण प्रकार जमण्यासारखा आहे.

साडेतीन टक्के ऐकून माझा नवरा म्हणाला, "मग एवढंच ना, बाकीच्या साडेशहाण्णवचं बघा की." बोलायला सोपं आहे. पण हे साडेतीन टक्के कोण करतं ते बघा. २०१८ मध्ये जगातल्या साधारण ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या उत्सर्जनातला निम्मा वाटा जगातल्या एक टक्का लोकांचा होता, असा अंदाज २०२० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात आहे. विरार लोकलला लटकून जाणारा माणूस या हिशोबात नाहीच. आणि नोकरीच्या निमित्ताने वर्षाला सहा-सात वेळा उडणारे आपण लोक, स्वतःला मध्यमवर्गीय समजणारे, त्या एक टक्क्याच्या आसपास कुठेतरी बसलेले असतो, हे काही पचायला सोपं नाही.

कॉन्फरन्सपुरतं बघायचं तर एक उदाहरण फार बोलकं आहे. अमेरिकन जिओफिजिकल युनियन म्हणून पृथ्वीविज्ञानवाल्यांची मोठी संस्था आहे, म्हणजे हवामानबदलाचा अभ्यास करणारेच लोक. त्यांचं २०१९ चं वार्षिक अधिवेशन सॅन फ्रान्सिस्कोला झालं, २८,००० जण आले. त्यांच्या येण्याजाण्याचा हिशोब २०२० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, ८०,००० टन, माणशी जवळजवळ तीन टन. माझ्या मापात अठरा-एकोणीस लाख सिलिंडर.

पण मला त्या लेखातली पुढची गोष्ट जास्त आवडली. हेच अधिवेशन, हीच माणसं, फक्त सॅन फ्रान्सिस्कोऐवजी शिकागोला ठेवलं असतं तर १२ टक्के उत्सर्जन तिथेच कमी झालं असतं, कारण शिकागो मधोमध पडतं. कुणाला घरी बसवायचं नाही, कुणाचा पेपर कापायचा नाही, नुसतं गाव बदलायचं.

आणि माझं म्हणणं इथेच आहे. आपण हा विषय नेहमी जाणाऱ्याच्या गळ्यात टाकतो, तू का उडतेस, तुला लाज नाही का वाटत. स्वीडनमध्ये तर 'उडण्याची लाज' यासाठी एक शब्दच तयार झालाय, फ्लिगस्कॅम. पण डेलिगेट बिचारा सगळ्यात शेवटी येतो. कार्बन ठरतो त्याच्या आधी वर्षभर, एका मीटिंगमध्ये, जिथे चार-पाच जण समोसे खात गाव आणि तारीख ठरवतात. गेली तीन वर्षं मी अशा एका कमिटीवर आहे, त्यामुळे समोसे कुणी खाल्ले ते मला माहीत आहे.

आपल्याकडे गाव म्हणजे बहुतेक वेळा गोवा. का, तर "लोक येतात". येतात खरंच, फॅमिली घेऊन येतात. आता मुंबईहून मडगावला कोकण रेल्वे आहे, २०२३ पासून वंदे भारतसुद्धा आहे, पण डेलिगेट येतात गुवाहाटीहून, चंदीगडहून, चेन्नईहून, आणि त्यांच्यासाठी गोवा म्हणजे विमान, बरेचदा दोन विमानं, आणि विमानाला सगळ्यात जास्त इंधन लागतं ते वर चढताना, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी गेलेला प्रवास त्याच अंतराला जास्त खातो. मी एकदा नागपूर सुचवलं. देशाच्या मधोमध, झिरो माइलचा दगडच तिथे आहे, चारही दिशांच्या गाड्या थांबतात, मुंबईहून रात्री दुरांतोत बसा, सकाळी उतरा. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी भर मे महिन्यात टेरेसवर जेवायला बोलावलंय. एक सर म्हणाले, "नागपूरला संध्याकाळी करायचं काय?" सावजी खायचं, सर.

बाहेरच्या देशात तर हे अजून वाकडं होतं. जगातल्या मोठ्या कॉन्फरन्स बऱ्याचशा युरोप-अमेरिकेत, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोचा माणूस मेट्रोने येतो आणि मुंबईचा माणूस सत्तेचाळीस सिलिंडर जाळून येतो, वर व्हिसासाठी बीकेसीच्या रांगेत उभा राहून येतो, आणि तिकडे पोचल्यावर 'लो कार्बन' वर लेक्चरही त्यालाच ऐकावं लागतं. म्हणून कुणी मला म्हणालं की भारतातल्या तरुण संशोधकांनी उडणं कमी करावं, तर मी म्हणते, आधी तिकडच्यांनी वर्षाला दहा करतात त्यातल्या पाच कमी कराव्यात, आमच्या पोरांना आयुष्यात एक तरी मिळू दे. ब्रिटिश कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या एका अभ्यासात २०१९ मध्ये असं दिसलं की जास्त उडणाऱ्या प्राध्यापकांचं संशोधनातलं काम जास्त चांगलं होतं असं काही नाही. पगार मात्र जास्त होता. हसू आलं मला, पण आश्चर्य नाही वाटलं.

मग ऑनलाइन? कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ते केलंय. कॉन्फरन्स पूर्ण ऑनलाइन केली तर उत्सर्जन ९० टक्क्यांहून जास्त खाली येतं, हे बऱ्याच हिशोबांतून निघालंय. व्हिडिओ कॉललाही वीज लागते, सर्व्हर लागतात, पण सगळ्यात चढा अंदाज धरला तरी तासाला माणशी एक किलोच्या वर जात नाही. तीन दिवस, रोज आठ तास, झाले २४ किलो. अर्ध्या सिलिंडरहून थोडंसं जास्त. आणि हा चढा अंदाज.

पण मी ऑनलाइन कॉन्फरन्स केल्यात, त्यामुळे त्यातलं दुखणंही माहीत आहे. डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. दिवसभर ऑफिस करून रात्री कान उघडे ठेवायचे. आणि घरात असताना तुम्ही कॉन्फरन्सला आहात यावर घरातल्या कुणाचाही विश्वास बसत नाही. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, स्वभावाने अगदी गरीब, पण माझं सेशन सुरू असताना दारात येऊन हळूच म्हणाल्या, "तू नुसती ऐकतेच आहेस ना, मग तेवढे मटार सोलून होतील." सोलले. ज्याच्यासाठी कॉन्फरन्सला जायचं ते मटार सोलताना होत नाही, ते होतं चहाच्या रांगेत. माझं आत्ताचं निम्मं काम अशाच एका रांगेत सुरू झालं, भोपाळच्या एका बाईंशी बोलताना, आणि त्या दोन दिवसांत कुठली भाषणं झाली ते मला अजिबात आठवत नाही.

म्हणून मधला रस्ता मला जास्त पटतो. २०१८ मध्ये संगीत आणि मेंदू यांचा अभ्यास करणाऱ्यांनी एक कॉन्फरन्स एकाच वेळी चार ठिकाणी घेतली, ऑस्ट्रियात ग्राझ, अर्जेंटिनात ला प्लाता, कॅनडात मॉन्ट्रियल आणि ऑस्ट्रेलियात सिडनी. ज्याला जे जवळ तिथे तो गेला, भाषणं एकमेकांना व्हिडिओवर, चहा मात्र खराखुरा. म्हणजे लांबची उड्डाणं गेली, रांग राहिली. हे आपल्याकडे करणं अवघड नाही, पवईत एक हॉल, कोलकात्यात एक, बंगळुरूत एक. आणि दरवर्षीऐवजी एक वर्षाआड मोठी भेट. अख्खा हत्ती पायी चालवत नेता येत नसेल तर निदान लांबच्या फेऱ्या कापायच्या, कारण आधी बघितलंच, मुंबई-दिल्लीचे चार आणि सॅन फ्रान्सिस्कोचे सत्तेचाळीस.

तंत्रज्ञान वाचवेल का, हेही लोक विचारतात, तर थोडक्यात सांगते. वापरलेल्या तेलापासून, उसाच्या मळीपासून किंवा शेतातल्या काडीकचऱ्यापासून विमानाचं इंधन करता येतं, त्याला सॅफ म्हणतात. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला असं देशात बनलेलं इंधन थोडंसं मिसळून एक प्रवासी विमान गेलंही. भारताचं ठरलंय की आंतरराष्ट्रीय फ्लाइट्समध्ये २०२७ ला एक टक्का, २०२८ ला दोन, २०३० ला पाच टक्के सॅफ मिसळायचं. चांगलंच आहे, पण उरलेले पंच्याण्णव टक्के रॉकेलच, आणि मुंबईतल्या सगळ्या वड्यांचं तेल गोळा केलं तरी किती होणार. तिकीट काढताना शंभर-दोनशे रुपये जास्त भरून 'कार्बन न्यूट्रल' व्हायचा जो चौकोन येतो त्याच्यावर माझा फारसा भरवसा नाही, झाड लावलं असेलही, पण ते मोठं व्हायला वीस वर्षं आणि विमान उद्या सकाळी.

आणि सरकारं? १९९७ च्या क्योटो हवामान करारात आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा कार्बन कुठल्याच देशाच्या खात्यात धरला नाही, ते काम विमानांच्या जागतिक संस्थेकडे, इकाओकडे सोपवलं. लग्नात वऱ्हाडाच्या बसचं भाडं मुलाकडचे म्हणतात मुलीकडचे देतील आणि मुलीकडचे म्हणतात मुलाकडचे, तसं. इकाओची योजना २०२१ मध्ये सुरू झाली, भारत त्यात २०२७ पासून येतोय, पण ती २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५ टक्क्यांच्या वर जे जाईल तेवढ्याचाच भार उचलायला सांगते, खालच्या ढिगाला हात लावत नाही.

त्यापेक्षा मला एक फारच घरगुती गोष्ट सापडली आणि ती कुठेच लिहिलेली मी वाचली नाही. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं. आणि आमच्या कॉन्फरन्सची 'तुमचा पेपर स्वीकारला' अशी मेल जाते साधारण ३५-४० दिवस आधी. म्हणजे माणसाला जायचंय की नाही हे कळेपर्यंत राजधानी, दुरांतो सगळ्यांचं वेटिंग लागलेलं असतं, आणि मग ज्याला संध्याकाळी पाचला मुंबई सेंट्रलहून बसून सकाळी साडेआठला दिल्लीत उतरायला मनापासून आवडलं असतं, विमानाच्या काही हिश्श्याइतकाच कार्बन टाकून, तोही निमूटपणे एअरपोर्ट गाठतो. आम्हीच त्याला पाठवतो.

म्हणून या वेळच्या मीटिंगमध्ये मी नागपूरचं नाव काढलं नाही, समोसा खाल्ला, आणि एवढंच म्हटलं की पेपरचा निकाल ७० दिवस आधी लावू. आमचे सेक्रेटरी कॅलेंडर बघत म्हणाले, "मग पेपर पाठवायची शेवटची तारीख महिनाभर अलीकडे घ्यावी लागेल, आणि मॅडम, आपल्याकडे मुदत वाढवल्याशिवाय कोण पाठवतं?" तेही खरंच. शेवटी मुदतवाढ एकदाच द्यायची असं मिनिट्समध्ये लिहून घेतलंय, आणि पुढचा अर्धा तास पिशवी ज्यूटची की कॉटनची यावर गेला.